एक खुर्ची कमी करण्याबाबत

भिंतीवरच्या चित्रात माझा पाय बादलीत गेलेला पाहिला तेव्हा मला हसू आलं. ते हसू चार चाळीसपर्यंत टिकलं. चार चाळीसला माझा पाय बादलीत गेला.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल, आवक-जावकवाल्याने तरी गोष्ट क्रमाने सांगावी. मान्य. बावीस वर्षं मी एका कचेरीच्या आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा, गेलेल्या कागदाची नोंद ठेवायची, आणि मधल्या काळात कागद कुठे असतो असं कुणी विचारलं तर छताकडे बघायचं, असं हे काम आहे. लोकांना ते सोपं वाटतं. माझ्या सासऱ्यांनाही वाटायचं.

तर क्रमाने. आम्हाला एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. घरात तिला टिटवी म्हणतात, कारण तान्ही असताना ती अचानक टिटवीसारखी ओरडायची आणि मग मिनिटाभराने दाराची बेल वाजायची. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटायची. ही टिटवी लिफ्टच्या यंत्रांवरची जाडजूड पुस्तकं वाचते. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिने आत न बघता कुठला दोर झिजलाय ते सांगितलं होतं, आणि तो माणूस त्यानंतर आमच्या मजल्यावर चहाला थांबेनासा झाला. तीन आकडी गुणाकार ती मी पेन शोधेपर्यंत तोंडी करते. पण तिला दोन ओळी लिहायला सांगा. अक्षरं कागदभर उधळतात, हात दुखतो, पेन्सिल चावून चावून तिचं लाकूड बाहेर येतं. बुटाची नाडी बांधता येत नाही. ट्यूबलाइटचा आवाज येतो म्हणून कानांवर हात ठेवते. आणि ठरलेलं काही न सांगता बदललं, की जेवणाच्या टेबलाखाली जाते आणि तिथून तासभर बाहेर येत नाही.

शाळेचं म्हणणं असं, की एवढी हुशार मुलगी लिहीत नाही म्हणजे मुद्दामच लिहीत नाही. तिच्या हुशारीमुळे तिची अडचण कुणाला दिसत नव्हती, आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेमुळे तिची हुशारी कुणाला दिसत नव्हती. दोन्ही एकाच मुलीत असू शकतं, याला शाळेच्या दप्तरी सोयच नव्हती. तिथे दोन नमुने होते. नमुना अ हुशार मुलांसाठी. तो भरला की शाबासकी मिळते, मदत नाही. नमुना ब अडचण असलेल्या मुलांसाठी. तो भरला की मुलाला 'अधिक योग्य संस्थेत' पाठवायचा विचार होतो. एका विद्यार्थ्यामागे नमुना एकच. समितीची बैठक तीन आठवड्यांनी, गुरुवारी. त्या दिवशी ठरायचं होतं, की टिटवीला तोंडी उत्तरं द्यायला आणि लेखनिक घ्यायला परवानगी मिळणार की तिला शाळा सोडावी लागणार. ही तिची दुसरी शाळा होती. पहिली सुटली तेव्हा ती चार महिने कुणाशी बोलली नव्हती.

शाळेच्या समुपदेशक बाई एकट्याच काय ते समजुतीचं बोलल्या. "घरी चित्रांचं वेळापत्रक करा. दिवसात पुढे काय आहे हे तिला आधीच दिसलं की धक्का बसत नाही. तीन आठवडे चालवा, नोंद ठेवा आणि ती समितीपुढे आणा."

नोंद म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी पुठ्ठा आणला, त्याची चौकोनी कार्डं कापली, दिवाणखान्याच्या भिंतीवर व्हेल्क्रोची लांब पट्टी ठोकली आणि चित्रं काढायला बसलो. उठणे, दात घासणे, नाश्ता, शाळा. दात घासण्याचं कार्ड बायकोने बराच वेळ निरखलं.

"हा माणूस झाडू का खातोय?" तिने विचारलं.

बायको औषधाच्या दुकानात काम करते. डॉक्टरांची अक्षरं वाचू शकणाऱ्या बाईला माझा ब्रश ओळखू येऊ नये याचं मला वाईट वाटलं. समोरचे काका तेवढ्यात आलेच. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं अंदाज वर्तवले, आणि अजूनही घराबाहेर पडताना छत्री न्यावी की नाही हे स्वतःच्या बायकोला विचारतात. ते म्हणाले, "आमच्या वेळी असली लाडाकोडाची वेळापत्रकं नव्हती. तरी आम्ही झालोच की नाही मोठे?" मी त्यांना बिस्किटं दिली.

शेवटी टिटवीनेच माझ्या हातातला स्केचपेन काढून घेतला. मुठीत धरून, जीभ बाहेर काढून, कापऱ्या चार रेघांत तिने मला काढलं. डावा खांदा उतरलेला, डोक्यावर तीन केस. बघणाऱ्याला चटकन ओळखू यावं इतका तो मीच होतो. फक्त चेहरा कोरा होता.

"डोळे राहिले," मी म्हटलं.

"डोळे काढत नाही मी. काढले की ते बघत बसतात."

पहिला आठवडा इतका छान गेला की मी नोंदवहीत प्रत्येक कार्डाला आवक क्रमांक दिला. टिटवी सकाळी भिंतीसमोर उभी राहायची, दिवस वाचायची आणि शांतपणे बूट पुढे करायची. टेबलाखाली एकदाही गेली नाही. मग दुसऱ्या सोमवारी शाळा आणि दूध यांच्यामधे मी न लावलेलं एक कार्ड दिसलं. ते बादलीचं.

बादलीत पाय मुरगळला म्हणून मंगळवारी मी घरी राहिलो. दुपारी सगळी इमारत सुस्तावलेली. मी आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडलो होतो. तेवढ्यात दिवाणखान्यातून आवाज आला. खर्र. व्हेल्क्रो उचकटल्याचा. बायको दुकानात, मुलगी शाळेत, दाराला कडी. पुन्हा खर्र. मी लंगडत बाहेर आलो. खोलीत कुणी नव्हतं. पंखा बंद होता, पडदा हलत नव्हता, आणि भिंतीवर संध्याकाळच्या जागी एक नवं कार्ड होतं. चौकोनी पेटीत उभा एक बिनडोळ्यांचा म्हातारा, हातात छत्री.

मी खाली बसलो, कारण पाय दुखत होता, असं मी अजूनही सांगतो. खाली बसल्यावर टेबलाखाली टिटवी दिसली. शाळा अर्ध्या दिवसाची होती, आईने तिला मघाशीच आत सोडून बाहेरून कडी लावली होती, आणि मला हे सकाळी दोनदा सांगितलं होतं म्हणे.

"हे काय काढलंस?" मी विचारलं.

"पुढचं," ती म्हणाली.

संध्याकाळी सहाला काका दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्टमधे अडकले. पाऊण तास. त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते छत्री छातीशी धरून उभे होते.

इथे मी एक चूक केली. मी त्यांना कार्ड दाखवलं. काकांनी चष्मा पुसला, कार्ड पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीपेक्षाही जास्त मत्सर होता. "खात्यात आमचा अंदाज सात दिवसांत तीनदा बरोबर यायचा," ते हळूच म्हणाले, "आणि तेव्हा आम्ही पेढे वाटत मिरवायचो." दुसऱ्या दिवसापासून ते वही घेऊन यायला लागले. टिटवीचं कार्ड एका रकान्यात, घडलेलं दुसऱ्या रकान्यात. त्यांच्या वहीत चूक एकही पडेना, त्यामुळे ते दिवसेंदिवस खंगत चालले.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. एका कार्डावर त्या कोपर धरून उभ्या दिसल्या आणि दुपारी त्यांच्या कोपराला इस्त्री लागली. झालं. संध्याकाळी मावशी वर आल्या त्या भाजलेल्या हाताने भिंतीला नमस्कार करूनच. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात इमारतीतली निम्मी माणसं होती. कुणाला बदलीचं विचारायचं होतं, कुणाला जावयाचं. इमारतीच्या अध्यक्षांनी लेखी विचारणा केली, की पाण्याची टाकी कधी गळणार हे भिंतीवर आगाऊ कळू शकेल का.

आता गर्दी झाली की तिला शिस्त लावायची, ही माझ्या नोकरीची सवय. मी कागदाचे तुकडे कापले, त्यांवर क्रमांक घातले आणि दारात वाटायला लागलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. कचेरीत इतक्या आदराने माझ्या हातून कुणी कागद घेतला नव्हता.

त्या दिवशीचं कार्ड मी नीट पाहिलं नव्हतं. त्यावर टेबल होतं आणि भोवती पाय. नुसते पाय, पंधरा-वीस, घोट्यापासून वर काही नाही. टेबलाखालचा भाग काळा करून टाकलेला होता.

सतरा क्रमांकाची बाई आत आली आणि कुणीतरी ट्यूबलाइट लावली. आधी टिटवी दिसेनाशी झाली. मग टेबलाखालून एक गुणगुण सुरू झाली, एकसुरी, खालच्या पट्टीत, श्वास न घेता चालल्यासारखी. ट्यूबलाइटची गुणगुण आणि ती गुणगुण हळूहळू एकच झाली. माणसं बोलायची थांबली. कुणी कुणाकडे बघेना. मावशींच्या ओठांचा रंग उडाला. मी क्रमांकाचे कागद हातात धरून उभा होतो आणि मला माझ्याच घरातून पळून जावंसं वाटत होतं.

बायको तेवढ्यात दुकानातून आली. तिने दिवा बंद केला. "घरी जा सगळे," एवढंच म्हणाली, आवाजसुद्धा चढवला नाही. दोन मिनिटांत दार रिकामं झालं. कुणाची तरी एक चप्पल राहिली ती अजून आमच्याकडे आहे. मग बायको टेबलाशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसली, गुणगुण थांबेपर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, भिंत तिच्यासाठी केली होती ना? मग तिची तिला परत द्या."

मला लाज वाटली. मी क्रमांकाचे कागद फाडले, अध्यक्षांना नकार कळवला आणि दारावर पाटी लावली, की भिंत खाजगी आहे.

बैठकीला सहा दिवस उरले होते आणि सकाळी पट्टीच्या अगदी शेवटी, बैठकीसाठी मी केलेल्या गुरुवारच्या खुणेखाली, ते कार्ड आलं. पाच खुर्च्या, अर्धगोलात. चारांवर बिनडोळ्यांची माणसं. पाचवी रिकामी.

मी ते बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे, दूध उतू गेलं. बैठकीला पाच जण असणार होते: मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, समुपदेशक बाई, बायको आणि मी. यांतलं कोण नसणार? काकांना दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी त्यांना फक्त तोंडी सांगितलं. त्यांनी टोपी काढली. "रिकामी खुर्ची म्हणजे," ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. नंतर जाताना माझा हात जरा जास्त वेळ हातात धरून ठेवला. मावशींचं मत वेगळं: ती खुर्ची वर्गातली, टिटवीची, म्हणजे नाव कटणार. मरण आलं तर एक वेळ परवडलं, पण मुलगी पुन्हा चार महिने मुकी झाली तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

मी टिटवीलाच विचारलं. "बादलीचं तुला कसं कळलं होतं?"

ती लिफ्टचं पुस्तक वाचत होती. "बादली रोज तिथेच असते. तू रोज पेपर वाचत चालतोस. गुरुवारी दोन बोटांनी चुकलास, शुक्रवारी एका. शनिवार-रविवार तू त्या वाटेने जात नाहीस."

"आणि काका?"

"लिफ्टचा दोर. मी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. आणि सहाला खाली जाणारे काका एकटेच." मग तिने पान उलटलं. "मावशी बोलताना इस्त्री उभी करत नाहीत. तुम्ही सगळे रोज तेच तेच करता बाबा. मला सगळे म्हणतात बदल चालत नाही. तुम्हाला तर चालतच नाही, फक्त तुम्हाला माहीत नसतं."

हे ऐकून मला एवढं हायसं वाटायला हवं होतं की मी तिला उचलून घ्यायला हवं होतं. पण मी विचारलं, "मग खुर्ची कुणाची?"

ती पहिल्यांदाच पुस्तकातून वर बघितल्यासारखी झाली, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. "ते तुला माहीत आहे," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. म्हणून मी मला जे येतं ते केलं. मी अर्ज केला. प्रति, माननीय मुख्याध्यापिका. विषय: गुरुवारच्या बैठकीतील एक खुर्ची कमी करण्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते, की बैठकीस पाच व्यक्ती असल्या तरी खुर्च्या चारच ठेवाव्यात, एक व्यक्ती (अर्जदार स्वतः) उभी राहण्यास तयार आहे. माझा हिशेब साधा होता. खुर्च्या चारच असल्या तर रिकामी राहणार कुठली? उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, शिक्क्यासकट. 'सभाकक्षात पाच खुर्च्या ठरावाने कायम आहेत. ठराव बदलण्यासाठी समितीची बैठक घ्यावी लागेल. समितीची पुढील बैठक गुरुवारी आहे.'

मग मी जास्तीची सहावी खुर्ची स्वतः नेण्याचा अर्ज केला. त्यावर शाळेने माझ्या बायकोच्या दुकानात फोन करून घरी सगळं ठीक आहे ना अशी चौकशी केली. बायकोने मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मला तेच जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी घरात भलतीच शांतता होती. मी शेवटचा उपाय म्हणून हळूच ते कार्ड भिंतीवरून काढलं. खर्र. इतका मोठा आवाज झाला, की मी दचकून वळलो, आणि उघड्या कपाटाच्या दारावर नाक आपटलं. रक्त आलं. बायकोने नाकावर पांढरी चिकटपट्टी आडवी लावली आणि म्हणाली, "आजच्या दिवशी तरी." टिटवीने माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि पुन्हा जागेवर लावलं. मग ती माझ्या नाकाकडे बघत राहिली, बराच वेळ. ती कुणाच्या चेहऱ्याकडे कधी बघत नाही. एकदम वळून आत गेली आणि दप्तरात काहीतरी शोधून खिशात घालून आली.

सभाकक्ष लांब बोळाच्या टोकाला होता. बोळात तास चालू असल्याची शांतता. टिटवी दाराबाहेरच्या बाकावर बसली. दाराला वरच्या बाजूला काच होती, तिच्यातून तिला आतलं दिसत होतं. आत पाच खुर्च्या, अर्धगोलात, कार्डावर होत्या अगदी तशा. मी आधी सगळ्यांना बसू दिलं. मुख्याध्यापिका बसल्या, वर्गशिक्षिका बसल्या, समुपदेशक बाई आल्या, बायको बसली. सगळे जिवंत, सगळे हजर. मीही बसलो. पाचही भरल्या. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

मुख्याध्यापिकांनी दोन्ही नमुने पुढे ठेवले. माझ्या नाकाकडे बघायचं त्या कटाक्षाने टाळत होत्या. "मुलगी हुशार आहे, यात वाद नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच प्रश्न आहे. ब भरला तर आम्हाला तिला दुसरीकडे पाठवण्याची शिफारस करावी लागते. अ भरला तर लेखनिक देता येत नाही."

"पण तिला दोन्ही लागू आहे," बायको म्हणाली. "ती हुशार आहे आणि तिला लिहिता येत नाही. एकाच वेळी."

"आम्ही समजू शकतो," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "पण एका विद्यार्थ्याला एकच नमुना. अशा मुलांसाठी खरं तर वेगळ्या शाळेतच..."

माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. साहेबांचा. मी नेहमीसारखा हळूच म्हणालो, "एक मिनिट हं, ऑफिसचा आहे," आणि उठलो.

उठताना समोर दार होतं आणि दारात ती काच. आतल्या उजेडामुळे तिच्यात अख्खी खोली उमटली होती. चार माणसं अर्धगोलात. मधे एक रिकामी खुर्ची. आणि काचेच्या पलीकडून, त्या खुर्चीच्या बरोबर मागे, टिटवीचा चेहरा.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते तिच्या अडचणीचं नाव सांगायला लागले आणि मी स्कूटरचं स्टँड नीट लागलंय का बघायला गेलो होतो. या शाळेत नाव घालताना मला तहान लागली होती. पहिली शाळा सुटली त्या दिवशी फोन आला म्हणून बाहेर गेलो होतो; फोन आलाच नव्हता, मी तो नुसता कानाला लावला होता, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. दर वेळी कठीण बोलणं सुरू झालं की मी उठलो होतो. दर वेळी बायको एकटी बसली होती. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी उठणार हे तिला माहीत होतं, तिने माझ्या खुर्चीवर आपली पर्ससुद्धा ठेवायला घेतली होती.

मी बसलो. पर्सवरच बसलो, पण बसलो. फोन खिशात वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला.

"एक विचारू का?" मी म्हणालो. "नमुना एकच, हे मान्य. नमुन्यासोबत किती जोडपत्रं जोडावीत यावर काही बंधन?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जोडपत्रांवर? नाही, तसं काही..."

"मग अ भरू. आणि ब त्याला जोडपत्र म्हणून जोडू. जोडपत्र म्हणजे वेगळा अर्ज नव्हे. त्याला वेगळा क्रमांक पडत नाही, त्याच्यावर वेगळी शिफारस होत नाही. पण वाचावं लागतं, कारण मूळ अर्जात त्याचा उल्लेख असतो. बावीस वर्षं मी हेच करतोय बाई. मला आयुष्यात दुसरं काही येत नाही."

समुपदेशक बाई पुढे सरकल्या. तीन आठवड्यांची माझी वही त्यांनी उघडून सगळ्यांसमोर ठेवली. आवक क्रमांकासकट प्रत्येक दिवस त्यात होता. टिटवी टेबलाखाली गुणगुणत राहिली तो एकमेव दिवस, आणि त्यापुढे लाल शाईत 'कारण: वडील'. मुख्याध्यापिकांनी तो रकाना दोनदा वाचला. पुढे तासभर बोलणं चाललं. ते सोपं नव्हतं. टिटवीबद्दल काही गोष्टी अशा बोलल्या गेल्या की मला तीनदा तहान लागली. मी हललो नाही. शेवटी एका सत्रापुरती, दोन विषयांना लेखनिक आणि तोंडी उत्तरं, नंतर फेरविचार, असं ठरलं. मी शिक्का समोर मारून घेतला. बायकोने रुमालाने डोळे टिपले आणि तोच रुमाल मला दिला, कारण माझ्या नाकातून पुन्हा रक्त यायला लागलं होतं.

बाहेर आलो तेव्हा टिटवी बाकावर तशीच बसलेली होती. मला वाटलं, कार्ड चुकलं म्हणून आता ती चिडेल. ठरलेलं बदललं होतं. मी तिच्या शेजारी बसलो.

"टिटवे, तुझं चित्र आज चुकलं," मी म्हणालो.

तिने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. पाच खुर्च्या, अर्धगोलात. पाचही भरलेल्या. चार चेहरे कोरे. पाचव्या माणसाचा डावा खांदा उतरलेला होता, डोक्यावर तीन केस होते, आणि त्या एकट्याला दोन डोळे काढले होते. नाकावर आडवी पांढरी पट्टी होती.

मी कागद उलटा केला. मागे पालकांनी हजर राहावे असं छापील पत्र होतं, चार वर्षांपूर्वीचं, पहिल्या शाळेचं. कागदाचं वय मला कळतं; तेवढं तरी मला कळतं. घड्यांवर कागद विरून गेला होता आणि चित्राची शाईही तिथे विरली होती. म्हणजे आधी चित्र, मग घड्या. मी नाकावरच्या पट्टीला बोट लावून बघितलं.

"हे कधी काढलंस?"

"आधी," टिटवी म्हणाली. तिने बुटाची सुटलेली नाडी माझ्यापुढे केली. "दर वेळी बरोबर आणत होते. दर वेळी चुकत होतं."